वंशावळ धावत नाही

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर रोज सायंकाळी जी मंडळी जमतात, त्यांत कुत्र्यांविषयी अधिकारवाणीने बोलणारे एक सद्गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी एक जातिवंत परदेशी कुत्रा आहे आणि त्या कुत्र्याची वंशावळ चौकटीत बसवून दिवाणखान्यात, त्यांच्या स्वतःच्या आजोबांच्या तसबिरीशेजारी, टांगलेली आहे. कुत्र्याचा खापरपणजोबा कोण, हे ते झोपेतून उठवले तरी सांगतील. आजोबांच्या आजोबांचे नाव मी एकदा विचारले, तेव्हा मात्र त्यांना आत जाऊन वहिनींना विचारावे लागले.

या गृहस्थांसमोर गेल्या श्रावणात मी एक पत्र वाचून दाखवण्याचा मूर्खपणा केला. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात लिंकनशायर परगण्यात नोकरीस आहे. गावाच्या कडेला घर, पलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गव्हाची शेते, आणि त्या शेतांत सशांचा सुळसुळाट. हे ससे म्हणजे आपल्याकडचा एकांडा रानससा नव्हे. बिळे करून टोळीने राहणारे ते ससे. त्या देशात १९५४ सालच्या कायद्याने आपल्या जमिनीवरचे असे ससे आटोक्यात ठेवणे ही कब्जेदाराचीच जबाबदारी केलेली आहे. म्हाताऱ्याचा जुना कुत्रा मेला. त्याने माझ्या विद्यार्थ्याला सुचवले, की तू पिल्लू पाळ, मी त्याला काम शिकवतो. मात्र घ्यायचे तर कोली आणि ग्रेहाउंड यांच्या संकराचे घे. विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, तुमच्या घरी लहानपणी करवानी कुत्री होती, असे तुम्ही वर्गात सांगत होता. तुमचे मत काय?"

मी मत देण्यापूर्वीच आमच्या सद्गृहस्थांनी दिले. "संकर? अहो मास्तर, त्याला म्हणावे पौंडांत पगार घेतोस आणि बेवारशी पिल्लू काय घेतोस! घ्यायचे तर शुद्ध घे, कागदपत्रांसह घे. मिसळ रक्ताचे जनावर धड इकडचे ना तिकडचे." ओसरीने माना डोलावल्या.

मी मॅट्रिकपुढे न शिकलेला माणूस. ओसरीवर बी. ए. झालेल्यांशी वाद घालण्याची माझी छाती नाही. पण कागद हातात असला की तेथे माझी भीड चेपते, म्हणून जे तिथे बोललो नाही ते येथे लिहितो.

पहिली गोष्ट, हे मिश्रण कोणा आळशी माणसाच्या कुंपणातल्या भगदाडातून जन्मलेले नाही. त्याला तिकडे लर्चर म्हणतात. नावातच लपतछपत जाण्याचा अर्थ आहे आणि तो का आला याचा इतिहास मोठा बोलका आहे. इंग्लंडात शतकानुशतके रान राजाचे आणि सरदारांचे होते. १२१७ च्या वन-सनदेत रानाजवळच्या रयतेच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटण्याची चाल नमूद आहे. हेतू हा, की त्याला सावजामागे धावता येऊ नये. पुढे १६७१ च्या कायद्याने ज्याच्यापाशी वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन नाही, त्याला ग्रेहाउंड ठेवण्याचीच बंदी केली. ही जमिनीची अट १८३१ पर्यंत टिकली. म्हणजे ज्याच्या घरी सशाच्या रश्शाची गरज होती त्याला कुत्रा वर्ज्य, आणि ज्याच्या ताटात हरणाचे मांस होते त्याला कुत्र्यांचा ताफा. मग गरिबाने काय केले? वेगवान कुत्र्याचे रक्त मेंढपाळाच्या कुत्र्यात मिसळले. बाहेरून पाहावे तर केसाळ, मळकट, मेंढरांमागे चालणारे साधे कुत्रे; आतून निम्मा ग्रेहाउंड. रात्री मालकाबरोबर आवाज न करता जाणारा आणि सावज तोंडात धरून आणून देणारा. रखवालदाराने हटकले तर, "हा तर मेंढरांचा कुत्रा, साहेब."

लर्चर हा असा हुकमाविरुद्ध जन्मलेला आहे. दिवाणखान्यातल्या चौकटीला त्याचे वावडे असावे यात नवल नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. त्याच्या यादीत लर्चर ही जात आजही नाही.

आता कामाचे बोलू. ग्रेहाउंड म्हणजे नुसती नजर आणि धाव. ताशी साठ किलोमीटरच्या वर पळतो, पण थोडा वेळच. दम लवकर संपतो. कातडी कागदासारखी पातळ, काटेरी तारेला लागली की फाटते. सावज दिसेनासे झाले की बुद्धीही थांबते. नाक वापरण्याचा त्याला कंटाळा. ससा एकदम वळला, तर हा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो. उलट कोली. दिवसभर डोंगर चढून उतरला तरी थकत नाही. अंगावर दाट केस, पंजे टणक, शिट्टीच्या एका सुरावर वळणारा आणि दुसऱ्यावर बसणारा. पण पळत्या सशाला गाठण्याइतकी धाव त्याच्यात नाही.

दोघांचे निम्मे निम्मे जमले, की वेग थोडा घटतो आणि अक्कल पुष्कळ वाढते. असा कुत्रा ससा बिळाकडे कुठून वळेल ते ओळखून आडवा जातो, कुंपणापलीकडचा वास घेतो, हाक मारली की परत येतो, आणि शेजारच्या मेंढरांकडे पाहत नाही. रानसशामागे उघड्या माळावर सोडायचा असे, तेव्हा लोक या पहिल्या संकराला पुन्हा ग्रेहाउंड देऊन पाऊण हिश्शाचा वेगवान कुत्रा काढीत. पण २००४ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला, इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्याने रानससा धरणे गुन्हा ठरले. बिळातले ससे आणि उंदीर एवढेच उरले, तेही जमीनमालकाच्या परवानगीने. तेव्हा तो पाऊण हिश्शाचा वेग आज कशाला हवा? माझ्या विद्यार्थ्याला निम्मा-निम्माच बरा, हे मी त्याला लगेच कळवले.

आता शुद्ध रक्ताविषयी. आमच्या सद्गृहस्थांकडे मुलीसाठी मागे एक उत्तम स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी. पण गोत्र एक निघाले. हे ताठ बसून म्हणाले, "सगोत्र विवाह आमच्यात होत नाही." ठीक आहे. मात्र त्यांच्याच भिंतीवरच्या वंशावळीत एकाच कुत्र्याचे नाव बापाच्या बाजूलाही आहे आणि आईच्या बाजूलाही! मी चष्मा पुसून दोनदा पाहिले. लंडनच्या त्या थोर संस्थेच्या दप्तरातसुद्धा बाप-लेकीची आणि सख्ख्या भावंडांची पिल्ले खुशाल नोंदली जात. २००८ साली एका माहितीपटाने त्याचा बोभाटा केला, तेव्हा कुठे २००९ पासून ही नोंदणी थांबली. माणसात गोत्र टाळायचे आणि कुत्र्यात भाऊ-बहीण जुळवायचे, याला शास्त्र म्हणायचे की कागदाची भक्ती?

आणि शुद्ध म्हणजे किती शुद्ध? ग्रेहाउंडची वंशनोंदवही इंग्लंडात १८८२ साली सुरू झाली. त्याआधी शंभर वर्षे ऑर्फर्ड नावाच्या एका उमरावाने आपल्या ग्रेहाउंडांत चिकाटी यावी म्हणून बुलडॉगचे रक्त घातले, असे ग्रेहाउंडवाले स्वतःच अभिमानाने सांगत आले. नोंदवही उघडण्यापूर्वी घातले ते शहाणपण, नोंदवही मिटल्यावर घातले तो भ्रष्टाकार!

कोलीवाल्या मेंढपाळांनी मात्र या बाबतीत अक्कल शाबूत ठेवली. त्यांची १९०६ सालची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचीही वंशनोंदवही आहे. पण तिला एक दार आहे. ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही असा कुत्रासुद्धा तेथे गुणांवर नोंदला जाऊ शकतो. मेंढरांवर काम करून दाखव, तपासण्या करून घे, आणि आत ये. हे दार मला फार आवडले. आमच्या शिक्षण खात्यात ते असते तर माझी वीस वर्षे तुटपुंज्या मानधनावर गेली नसती; पण तो विषय वेगळा.

येथे कोणी म्हणेल, मास्तर संकराचे भाट झाले. नाही. संकर झाला म्हणून कुत्रा चांगला, हे म्हणणे शुद्ध म्हणून चांगला या म्हणण्याइतकेच पोकळ आहे. शर्यतीच्या मैदानावरून नालायक म्हणून काढलेला ग्रेहाउंड आणि प्रदर्शनात आयाळ विंचरून उभी केलेली, जन्मात मेंढरू न पाहिलेली कोली, यांच्या पिल्लांतून काय निघणार? दोघांचे दोष निघतील. कोलीचा स्वभावही जपून पाहावा लागतो. कधी पिल्लात तिची ती जमिनीला चिकटून टक लावण्याची खोड उतरते, आणि ससा पळून गेला तरी हे महाशय दबा धरूनच. लांबकेशी कोलीच्या रक्तात आणखी एक धोका पुष्कळदा असतो: आयव्हरमेक्टिन, जे आमच्याकडे गोचिडांसाठी जनावरांना सर्रास टोचतात, ते अशा कुत्र्याच्या मेंदूत शिरून जीवही घेऊ शकते. म्हणून मी विद्यार्थ्याला लिहिले, "अरे, पिल्लू पाहू नकोस, आधी त्याचे आईबाप पाहा. बसलेले नको, काम करताना पाहा. बापाचे पंजे हातात घेऊन बघ. आई परक्या माणसापुढे कशी वागते ते बघ. पशुवैद्याकडून रक्ताची तपासणी करून घे. आणि वर्षाचा होईपर्यंत त्याला जोराने पळवू नकोस, हाडे कच्ची असतात."

हे सारे मी कशाच्या जोरावर सांगतो? आम्ही लातूरकडचे. आमच्या वडिलांजवळ चांद्या नावाचा कुत्रा होता. त्याचा बाप करवानी, उंच, बारीक कमरेचा, गावात सर्वांत वेगवान. आई धनगराच्या वाड्यावरची, रुंद छातीची. हुरड्याच्या दिवसांत रानडुकरे ज्वारीत शिरत. बाप-कुत्रा दिवसा विजेसारखा पळे, पण अंधारात दिसेना म्हणून अंगणातच राही. आई भुंकून भुंकून गाव जागे करी. चांद्या दोन्ही करीत नसे. तो मुकाट्याने ओढ्याच्या अंगाने वळसा घाली आणि डुकरांना मागून रेटून आमच्या रानाबाहेर काढी. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. एकदा शहरातले एक खरेदीदार करवानी कुत्री पाहायला आले. त्यांनी चांद्याचे कान उचलले, शेपूट ओढली आणि वडिलांना म्हणाले, "हा खोटा आहे, ठेवून काय करता?" वडील काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी चांद्याला घातली, एवढे मला आठवते. मी दहा-अकरा वर्षांचा असेन.

गैरसमज नको म्हणून सांगतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रान-शिकार बंद आहे, आणि साधा माळावरचा ससासुद्धा त्या कायद्याच्या छत्राखाली आहे. हे वाचून कोणी कुत्री घेऊन माळावर निघू नये. आमच्याकडची करवानी आणि पश्मी कुत्री आता राखणीला, धावायला आणि सोबतीला आहेत; तेवढे पुष्कळ आहे. पण त्यांचीही निवड आता कानाच्या लांबीवर आणि अंगाच्या रंगावर होऊ लागली आहे. माझे भांडण आहे ते याच्याशी. प्रदर्शनातल्या परीक्षकासमोर तीन मिनिटे स्थिर उभे राहणे हा ज्याचा सर्वांत मोठा गुण, त्याच्या पोटी पुढे कोण जन्मणार आहे?

ओसरीवरचे गृहस्थ परवा म्हणाले, "पण मास्तर, तुमच्या या मिश्र कुत्र्याला विकायला गेले तर किंमत काय येणार?" मी म्हणालो, "काही नाही. म्हणूनच तो विकला जाणार नाही." पण हे पूर्ण खरे नाही, हे मला माहीत आहे. इंग्लंडातल्या प्राणी-आश्रमांत टाकून दिलेले लर्चर भरपूर असतात. ज्याला कागद नाही, त्याला टाकणेही सोपे जाते. विद्यार्थ्याला मी हेही लिहिले. आणि लिहिले, की पिल्लू विकत घेण्याआधी एकदा अशा आश्रमात जाऊन ये.

तो गेला. एक दीड वर्षाची मादी त्याने आणली आहे. कोणी तरी काटेरी कुंपणाशी बांधून सोडलेली. म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिचे पंजे पाहिले आणि तिला शेतात एक फेरी मारून आणले, म्हणे. अंगावर राखाडी राठ केस, एक कान उभा, एक पडलेला. हाक मारली की येते. सशामागे अजून सोडलेली नाही. तिला आवाजाचे मात्र भय वाटते, कोलीच्या रक्तात ते असतेच. तिकडे पाच नोव्हेंबरला दारूकाम उडवतात आणि मागेपुढे आपली दिवाळीही येते. त्याने विचारले आहे, काय करू? मी कळवले: मधल्या खोलीत ठेव, पडदे ओढ, रेडिओ मोठ्याने लाव आणि तू स्वतः तिच्याजवळ बस, त्या संध्याकाळी कोणाकडे फराळाला जाऊ नकोस. चकल्यांचा डबा वेगळा पाठवला आहे. तिचे नाव त्याने अजून ठेवलेले नाही.