आढावा घ्या, पण कलावंताचे ताट ओढू नका

आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. नाट्यगृहांत नटराजपूजन होईल, सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाईल, त्यांच्या १८४३च्या ‘सीता स्वयंवर’ नाटकाची आठवण निघेल. त्या खेळाला पैसा कुणी पुरवला, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसे काही करायला सांगितले आणि दरबार पाठीशी उभा राहिला. १८५१मध्ये चिंतामणराव गेले आणि तो आधार तुटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. कला स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, याचा दाखला म्हणून ही हकीकत सांगता येईल. पण मुंबईत तिकिटे खपली ती सांगलीत राजाश्रयाखाली तयार झालेल्या मंडळींच्या बळावर, हेही त्याच दमात सांगायला हवे.

आजचा दरबार म्हणजे सरकार. राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे आणि कोणती योजना ठेवायची, कोणती गुंडाळायची याचा हिशेब आढावा समितीकडून मांडला जातो आहे. हिशेब मांडलाच पाहिजे. पैसा जनतेचा आहे. भीती आहे ती कात्री कुठून चालू होईल याची. रस्त्याचे देयक थकले तर कंत्राटदार मंत्रालयाचे उंबरे झिजवतो. हार्मोनियमवाल्याचे मानधन चार महिने आले नाही, तर गावाबाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५पासून चालत आली आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. २०२४मध्ये मानधन सरसकट दरमहा पाच हजार रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण पाच हजारांत म्हातारपणीचे औषधपाणी आणि किराणा भागवायचा, तर ते ठरल्या तारखेला हातात पडायला हवेत. त्यात दाखल्यांची पायपीट असते. आपण कलावंत होतो याचे पुरावे म्हणून जुन्या जाहिराती, कात्रणे, प्रमाणपत्रे मागितली जातात. जन्मभर ट्रकमधून गावोगाव फिरलेल्या बाईने ती कोणत्या पेटीत जपून ठेवावीत? हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर आयुष्यभर राबलेल्या हाताचा ठसाच उमटत नाही. आढाव्यात ‘अपात्र’ म्हणून गळणाऱ्या नावांत अशी किती माणसे असतील, हे यादी करणाऱ्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

तमाशाचे गणित तर याहून नाजूक. दसऱ्याला फड बाहेर पडतो, पण पैशांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते. कलावंतांना उचल द्यायची, गाड्या दुरुस्त करायच्या, तंबू आणि जनरेटर पाहायचा. त्यासाठी फडमालक सावकाराचे दार ठोठावतो. मग नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात आणि यात्रांच्या त्या दिवसांवर वर्ष निघते. करोनाच्या काळात यात्रा बंद पडल्या, तेव्हा कर्ज तसेच राहिले आणि कलावंत मिळेल त्या मजुरीला गेले. सरकारी अनुदान हंगाम संपल्यावर आले, तर ते जाते सावकाराच्या व्याजात. याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता. २००२मध्ये त्या गेल्या, त्या हलाखीत. त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते, ते योग्यच. पण त्याआधी जिवंतपणी औषधाला पैसे मिळायला हवे होते.

राज्य नाट्यस्पर्धेसारख्या उपक्रमातून किती उत्पन्न आले, असा प्रश्न आढाव्यात येऊ शकतो. त्याचे उत्तर द्यायला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुरेसे आहे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९६७च्या स्पर्धेच्या निमित्ताने रंगभूमीवर आले आणि पुढे देशातल्या अनेक भाषांत पोहोचले. स्पर्धेवर त्या वर्षी झालेला खर्च आणि त्याच वर्षी आलेला गल्ला एवढेच कुणी ताडून पाहिले असते, तर तो खर्च वाया गेला असाच शेरा पडला असता. आणि दरवर्षी असे नाटक निघणार नाही. शंभर संघांची साधी, धडपडणारी नाटके होतात, त्यात नट, प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार हात बसवतात. पुढे व्यावसायिक नाटकाला, मालिकांना, चित्रपटांना हीच माणसे लागतात.

म्हणून आढावा समितीकडे आमची मागणी अशी : चालू मानधन आढावा संपेपर्यंत एक महिनाही थांबवू नये. ठसा उमटला नाही म्हणून नाव काढण्याआधी तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने घरी जाऊन खात्री करावी. फडांचे अनुदान दसऱ्याआधी खात्यावर जमा व्हावे. आणि समितीत निवृत्त अधिकाऱ्यांबरोबर एक फडमालक, एक पडद्यामागचा कामगार आणि मानधनावर जगणारा एक वृद्ध कलावंत बसावा. त्यांच्या प्रवासाचा आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च सरकारने उचलावा.