गाडीविना सांगली
निवृत्तीनंतर पुण्यातला फ्लॅट विकून आम्ही सांगलीला आलो आणि गाडीही काढून टाकली. गाव सपाट, त्यामुळे या वयातही सायकल दमवत नाही. विश्रामबागेतून निघायचं, गणपती पेठेत हळद, बेदाणे घ्यायचे, पिशवी हँडलला अडकवायची. वाटेत कुणीतरी हटकून थांबवतंच. मोठ्या डॉक्टरांसाठी आणि लांबच्या गाड्यांसाठी मिरज आहे, तिथवर एसटीची शहर बस जाते. घर घेताना मात्र २०१९चा पूर कुठवर आला होता, हे शेजाऱ्यांना विचारून घेतलं. इथे येणाऱ्या प्रत्येकानं ते विचारावंच.

रस्ते रुंद करणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे: आधी चालण्याजोगे पदपथ द्या आणि मिरजेची बस रात्री उशिरापर्यंत चालवा.