पोचा चेंबरला, घाव इंजिनाला

भंडारा जिल्ह्यात मोटारीच्या पोटाला मार बसण्याच्या जागा जुन्या वाहनचालकांना पाठ असतात. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून लाखनी, साकोली ओलांडेपर्यंत गाडी निर्धास्त धावते. परीक्षा सुरू होते ती महामार्ग सोडून एखाद्या राइस मिलकडे किंवा खेड्यातल्या धानाच्या खळ्याकडे वळल्यावर. ट्रॅक्टरच्या चाकांनी चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि दोहोंच्या मधोमध मातीचा कडक वरंबा उरलेला असतो. ट्रॅक्टर उंच, त्याला त्याचे काही वाटत नाही. मोटारीचे पोट मात्र नेमके त्या वरंब्यावरूनच जाते. गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतो तो वेगळाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चढउतार सौम्य राहतो. एका रात्रीत सिमेंट ओतून उभा केलेला अरुंद उंचवटा हे मानक कोठून पाळणार? सामान्य मोटारीचे पोट, गाडी रिकामी असता, जमिनीपासून साधारण १६ ते १८ सेंटिमीटर उंच असते. पाच माणसे बसली, डिकी भरली आणि उंचवट्यावरून उतरताना गाडीचे नाक झुकले, की त्यातला बराच हिस्सा खर्ची पडतो.

चातुर्मासात कुटुंबांचा प्रवास वाढतो. कोणी तुमसरहून रामटेकला शांतिनाथाच्या दर्शनाला निघते; कोणी भंडाऱ्याहून डोंगरगडच्या चंद्रगिरीकडे, जेथे १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली. नेमक्या याच दिवसांत खड्डे पाण्याने भरलेले असतात आणि त्यांची खोली दिसत नाही. परतीच्या वाटेवर सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते. अशा वेळी खाली धाडकन काही लागते. गाडी चालू आहे, दिवे ठीक आहेत, सूर्य मावळायला वीस मिनिटे आहेत. ‘पोहोचल्यावर पाहू’ असे ठरते. नुकसानीचा मोठा भाग या दोन शब्दांनंतर सुरू होतो.

ज्याला गॅरेजात ‘ऑइल चेंबर’ म्हणतात, ते इंजिनाच्या तळाशी बसवलेले तसराळे होय. लहान मोटारीत त्यात तीन-साडेतीन लिटर तेल राहते. तळापासून थोड्या अंतरावर, तेलात बुडालेली, जाळी लावलेली एक नळी असते. तेलाचा पंप या नळीवाटे तेल ओढतो आणि इंजिनाच्या प्रत्येक फिरत्या भागाकडे पाठवतो. जाळी आणि तळ यांच्यातली फट अगदी थोडी असते. चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचे असेल तर माराने तडकते आणि तेल वाहू लागते. निदान दिसते तरी. पोलादी पत्र्याचे असेल तर फुटत नाही, आत दबते. थेंबही गळत नाही आणि सारे सुखरूप असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात दबलेला पत्रा जाळीला जाऊन टेकलेला असू शकतो. तोटी उघडी आहे, पण हौदाच्या तोंडावर कोणी हात धरला आहे, अशी ती स्थिती असते. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. पोचा पडलेला तांब्या ठोकून सरळ केला की पुन्हा वापरात येतो, हे येथे घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच कदाचित चेंबरच्या पोच्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. तांब्याच्या आत मात्र नळी नसते.

इंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही. दोहोंमध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि दांडा त्यावर तरंगतो. हा पापुद्रा जेथे सर्वांत पातळ असतो तेथे तो काही मायक्रॉनचाच असतो, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. साध्या वेगाला दांडा मिनिटाला दोन हजार फेरे घेतो. तेलाचा पुरवठा तुटला की धातूवर धातू घासतो, बेअरिंगचा मऊ थर खरवडून निघतो आणि शेवटी इंजिन जाम होते. तेल पुरते संपल्यावर हे घडायला तास लागत नाहीत.

म्हणून मार बसल्यावर पहिले काम एकच: सुरक्षित, सपाट जागा पाहून गाडी उभी करावी आणि इंजिन बंद करावे. दहा मिनिटे थांबून खाली जुने वर्तमानपत्र सरकवावे. स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा वातानुकूलन यंत्राचे आणि निरुपद्रवी. हिरवट किंवा गुलाबी द्रव म्हणजे रेडिएटरचे कूलंट. तपकिरी-काळे, बोटाला बुळबुळीत लागणारे ते इंजिनाचे तेल. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना खालून प्लॅस्टिकचे आच्छादन असते. गळलेले तेल आधी त्यावर साचते आणि उशिरा ठिबकते. तेव्हा कोरा कागद हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. मोबाइलचा दिवा धरून वाकून पाहावे, छायाचित्रे काढून ठेवावीत. पण जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये.

यानंतर तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पुसून पुन्हा बुडवून पाहावी. येथे एक फसगत आहे आणि धान्याच्या व्यापाऱ्याला ती चटकन समजेल. पोचा पडलेली पायली कमी धान्यातच काठोकाठ भरते. तसेच, आत दबलेल्या चेंबरमध्ये तेवढ्याच तेलाची पातळी किंचित वर चढलेली दिसते. परवा पाहिलेल्या खुणेपेक्षा आज, तेल न घालता, पातळी वर आली असेल तर आनंद मानू नये. तळ वर आल्याची ती खूण आहे. पातळी खालच्या रेषेखाली गेली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रश्नच उरत नाही.

गळती नाही आणि पातळीही ठीक, असे असेल तरच इंजिन सुरू करून काही क्षण पाहावे. तेलाच्या झारीसारखे लाल चिन्ह दोन-तीन सेकंदांत विझले पाहिजे. विझले नाही, मध्येच लुकलुकले किंवा आतून टकटक, खडखड ऐकू आली, तर लगेच किल्ली फिरवून गाडी ओढून न्यावी. चिन्ह विझले तरी त्याचा अर्थ मर्यादितच आहे. तो दिवा तेलाचा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. मंद गतीला अर्धवट अडलेली जाळीही पुरेसे तेल देते. अडचण येते ती वेग वाढल्यावर, म्हणजे महामार्गावर. दिवा हा शेवटचा इशारा आहे, तपासणी नव्हे.

खरी तपासणी गॅरेजातच होते आणि तेथे काय सांगून करून घ्यायचे हे मालकाला माहीत असावे. दाबदर्शक दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवता येतो. इंजिन गरम असताना मंद आणि वाढत्या गतीला येणारे आकडे कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत. चेंबर उतरवल्यावर जाळी चिरली वा वाकली आहे का, नळीचा सांधा हलला आहे का, हे पाहावे. काढलेल्या तेलातून लोहचुंबक फिरवावे आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा. चुंबकाला दाद न देणारी पण उजेडात चमकणारी कणी बहुधा बेअरिंगची. अशी चमक दिसली तर नवे चेंबर लावून भागणार नाही, बेअरिंग उघडून पाहावेच लागेल. गॅरेजातून ‘खालून ठोकून देतो’ अशी स्वस्त सूचना हमखास येते. चेंबर जागेवर असताना आतल्या जाळीची अवस्था कळत नाही, म्हणून ती स्वीकारू नये. एमसीलचा लेप गावापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक, त्यावर वर्ष काढणे ठीक नाही. नवे चेंबर बसवताना सिलिकॉनचा लेपही बेताचाच हवा. जास्तीचा आत सुटून त्याच जाळीत अडकतो.

या सगळ्याआधी एक अडचण असते, ती यंत्रातली नाही. गाडी बहुधा पगारी चालक नेतो किंवा घरातला तरुण मुलगा. दुरुस्तीची रक्कम पगारातून कापली जाईल, किंवा चारचौघांत बोलणी बसतील, या भीतीने तो मार बसल्याचे सांगतच नाही. गाडी दुसऱ्या दिवशी मालक स्वतः नागपूरला नेतो आणि महामार्गावर इंजिन बसते. संवत्सरीला सर्वांची क्षमा मागणाऱ्या घरात चालकाला चूक कबूल करण्याची सोय नसावी, हे विसंगत आहे. चेंबरचा खर्च मालकाचा, लपवलेल्या मारापायी होणारा इंजिनाचा खर्चही शेवटी मालकाचाच. ‘खाली लागले तर त्याच क्षणी फोन कर, कोणी रागावणार नाही’ हे वाक्य किल्ली देताना आधीच बोलून ठेवावे आणि पाळावे.

आता विम्याचे. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत एक अट असते, जी फार थोडे लोक वाचतात: अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती होण्यापूर्वी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान सर्वस्वी विमेदाराच्या जोखमीवर. शिवाय परिणामजन्य हानी मूळ संरक्षणातून वगळलेलीच असते. म्हणजे दगडाने फुटलेले चेंबर अपघाताचे नुकसान म्हणून मंजूर होऊ शकते. तेलावाचून दहा किलोमीटर रेटलेले इंजिन नामंजूर होते. जादा हप्ता भरून मिळणारे इंजिन संरक्षण तेलगळतीची हानी बहुतेक ठिकाणी सामावून घेते, परंतु गाडी रेटल्याचे दिसले तर तेथेही वाद उभा राहतो. म्हणून कंपनीला आधी कळवावे, सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय चेंबर उघडू देऊ नये आणि जागेवरची छायाचित्रे जपावीत.

मात्र प्रत्येक पोच्यासाठी दावा करणे शहाणपणाचे नाही. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये, त्यावरील इंजिनाला २००० रुपये, मालकानेच सोसायचे असतात. दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांवर जाते. ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते आणि एका दाव्याने शून्यावर येते. पत्र्याचे चेंबर, नवे तेल, फिल्टर आणि मजुरी यांचा अंदाज गॅरेजातून लेखी घ्यावा, पुढील वर्षी गमवावी लागणारी सवलत शेजारी मांडावी. पन्नास टक्क्यांवर असलेल्या मालकाला पुष्कळदा खिशातून दिलेलेच स्वस्त पडते. बेअरिंगपर्यंत काम गेले असेल तर हिशेब उलटतो.

दुरुस्तीनंतर गाडी घेताना उतरवलेले जुने चेंबर मागून घ्यावे. आतून पाहिले की जाळीची खूण उमटली आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी कळते. पहिले ५०० किलोमीटर होईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी इंजिन थंड असताना, पट्टी पाहावी आणि गाडी जेथे रात्रभर उभी असते त्या फरशीवर एक नजर टाकावी.