गाणं बांधणारा कुठाय?

गॅदरिंगचे दिवस आले की कॉलेजात एकच चर्चा असते, यंदा माईक कोणाच्या हातात? बार्शीटाकळी असो, पातूर असो की अकोल्यातलं मोठं कॉलेज, ऑडिशनच्या यादीत सगळी नावं गाणाऱ्यांची. गाणं सिनेमातलं, कराओके ट्रॅक यूट्यूबवरचा, आवाज तेवढा आपला. टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात, रील निघतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. "मी एक गाणं लिहिलंय" किंवा "मी एक चाल लावलीय" असं म्हणत नाव द्यायला येणारा पोट्टा किंवा पोट्टी क्वचितच दिसते. आलीच, तर तिला कोणत्या गटात टाकायचं हे आयोजकांनाच उमगत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. गाणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण संगीतात पोट भरायचं मनात असेल तर गाणं बांधायलाही शिका. आणि बांधलेलं गाणं आपल्या नावावर राहील याची काळजी घ्या.

उदाहरण तुमच्या ओळखीचंच घेऊ. 'इंडियन आयडॉल'मध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसणारा विशाल ददलानी तुम्ही पाहिला असेल. तो तिथं कुठून आला हे मात्र अनेकांना माहीत नाही. १९९४ साली मुंबईत 'पेंटाग्राम' नावाचा रॉक बँड सुरू झाला, त्याचा हा गायक. त्या काळात मुंबईत रॉकवेडी मंडळी होती, १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक'सारखा महोत्सव होत होता, कॉलेज फेस्टिव्हलना बँड गाजत होते. पण इंग्रजी रॉक विकत घेऊन ऐकणारे किती? मूठभर. टाळ्यांवर घरभाडं भरता येत नाही.

मग विशाल स्टेजवरून उतरून दुसऱ्या खोलीत शिरला, जिथं गाणी तयार होतात. शेखर रवजियानी हा शास्त्रीय संगीताच्या तालमीतून आलेला गडी त्याला जोडीदार मिळाला. एकीकडे रॉकची आरडाओरड, दुसरीकडे सुरांची तयारी. १९९९ मध्ये 'प्यार में कभी कभी' आला, २००३ मध्ये 'झंकार बीट्स'. या दुसऱ्या सिनेमासाठी त्यांना फिल्मफेअरचा आर. डी. बर्मन पुरस्कार मिळाला, जो संगीतातल्या नव्या गुणी माणसांना दिला जातो. पुढं 'ओम शांती ओम', 'पठान' अशी यादी वाढत गेली. आज ज्यांच्याकडे निर्माते गाणी मागायला जातात, त्या नावांत 'विशाल-शेखर' हे नाव वीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

इथं एक शब्द नीट समजून घ्या: प्रोड्यूसर. सिनेमाचा प्रोड्यूसर पैसा लावतो. गाण्याचा म्युझिक प्रोड्यूसर गाण्याला अंगरूप देतो. लय किती ठेवायची, ढोल कुठं वाजवायचा आणि कुठं थांबवायचा, गायिकेच्या आवाजाला कोणती पट्टी झेपेल, दहा वेळा गाऊन झाल्यावर त्यातला कोणता टेक ठेवायचा, हे सगळं तो ठरवतो. कलाकार म्हणून स्टेजवर उभं राहताना प्रश्न असतो, "मी कसा दिसतोय, कसा वाजतोय?" गाणं बांधताना प्रश्न बदलतो, "हे गाणं हिच्या तोंडी शोभेल का?" रॉक गायकाला हा बदल सोपा नसतो, कारण त्याची सगळी मिजास स्वतःच्या आवाजावर उभी असते.

'शीला की जवानी' घ्या. त्या गाण्याचे शब्द विशाल ददलानीचे आहेत. पेंटाग्राममध्ये घसा फोडून गाणाऱ्यानं एका नायिकेसाठी ठसकेबाज शब्द लिहिले आणि ते सुनिधी चौहाननं गाजवले. 'बेशरम रंग' गायलं शिल्पा रावनं, शब्द कुमारचे, संगीत विशाल-शेखरचं. आपल्याकडे स्वतः गाण्याचा गळा असताना तो बाजूला ठेवून दुसऱ्याचा आवाज उजळवायचा, हेच त्या धंद्यातलं खरं कसब. उलट तोच विशाल 'बाजीराव मस्तानी'त 'मल्हारी' गातो तेव्हा चाल संजय लीला भन्साळींची आणि शब्द प्रशांत इंगोलेंचे. तिथं तो फक्त गायक असतो. ज्याला दोन्ही कामं येतात, त्याचा फोन वाजत राहतो.

"पण मग रॉक सोडून बॉलिवूडला विकला गेलाच ना?" हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. तारखा बघा. 'ओम शांती ओम' आला २००७ मध्ये, आणि त्याच वर्षी पेंटाग्रामचा अल्बमही आला. 'शीला'चं गाणं २०१० चं, आणि २०११ मध्ये पेंटाग्रामचा पुढचा अल्बम 'ब्लडीवूड'. मधे २००५ मध्ये हाच बँड इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. सिनेमाच्या कमाईनं बँड मारला असं इथं तरी दिसत नाही. उलट घर चालतंय म्हटल्यावर बँडला बाजाराच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. शेती पावसावर आणि दूध-दुभतं घरखर्चाला, हे गणित आपल्या घरोघरी आहेच. कलाकारानं ते केलं की आपण नाक का मुरडतो?

आता कोणी म्हणेल, हे सगळं मुंबईत वाढलेल्यांचं. अकोला-वाशिम लाइनवरच्या बार्शीटाकळीत बसून आम्ही काय करावं? तर गोव्याचा रेमो फर्नांडिस आठवा. मुंबईच्या जे. जे.मधून आर्किटेक्ट झालेला, बँडमध्ये गिटार वाजवलेला हा माणूस गोव्यातल्या आपल्या शिवोली गावी परत गेला. ऐंशीच्या दशकात घरातच चार ट्रॅकच्या छोट्या मशीनवर त्यानं 'गोअन क्रेझी' रेकॉर्ड केला. वाद्यं स्वतः वाजवली, कव्हर स्वतः काढलं आणि कॅसेट्स स्कूटरवर टाकून स्वतः दुकानादुकानांत पोहोचवल्या. नंतर सिनेमावाले त्याला शोधत आले. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्याकडे चार ट्रॅक होते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधल्या फुकट अॅपवर त्याहून जास्त ट्रॅक मिळतात. कमी आहे ती बसून काम पुरं करण्याची सवय.

आणि शब्द-चालींचं म्हणाल तर वऱ्हाडासारखी खाण दुसरीकडे मिळणं अवघड. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना झडत्या म्हणतात, त्यात कोणी भावावरून टोला हाणतो, कोणी सरपंचाला. याला इंग्रजीत कोणी फ्रीस्टाइल म्हटलं की आपल्याला भारी वाटतं. आपले आजोबा ते तोरणाखाली उभं राहून करायचे. भुलाबाईची गाणी आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आहेत. महाराजांनी ती स्वतः रचली आणि स्वतः गायली. अकोल्यात प्राध्यापकी केलेले कवी विठ्ठल वाघ यांचं 'काळ्या मातीत मातीत' हे गाणं 'अरे संसार संसार'मध्ये आलं, आणि अजून कुठल्याही लग्नात किंवा गॅदरिंगला ते लागलं की अख्खा मांडव गुणगुणतो. पण गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना कवीचं नाव सांगता येईल? आपल्याच जिल्ह्यात विचारून बघा.

इथंच खरी गोम आहे. बांधणारा दिसत नाही, म्हणून त्याला गंडवणं सोपं असतं. आज वऱ्हाडी गाण्यांचे यूट्यूब चॅनल निघालेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि चॅनल तिसऱ्याचं असतं. चहाच्या टपरीवर तोंडी बोलणं होतं, हातावर थोडेफार पैसे पडतात, "भाऊ, तुयं नाव टाकतो ना खाली" असं आश्वासन मिळतं. गाणं चाललं की मग नाव कुठं आणि हिशेब कुठं?

राम संपतची गोष्ट इथं सांगायलाच हवी. हाही 'कलरब्लाइंड' या बँडमधला, पुढं जाहिरातींच्या जिंगल करून नावारूपाला आला आणि मग 'डेल्ही बेली' व 'सत्यमेव जयते'चं संगीत त्यानं केलं. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी त्यानं केलेली छोटीशी धून 'क्रेझी ४' या सिनेमाच्या गाण्यात वापरल्याची तक्रार घेऊन २००८ मध्ये तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. समोर मोठी नावं होती. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या तोंडावर न्यायालयानं त्याच्या बाजूनं आदेश दिला आणि शेवटी दोन कोटी रुपयांवर तडजोड झाली. काही सेकंदांची धून, पण ती कोणाची हे सिद्ध करता आलं म्हणून हे घडलं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, फक्त तो माहीत पाहिजे. गाणं लिहून झालं, चाल बांधून झाली की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो. नोंदणी केली नाही म्हणून तो जात नाही. (नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा नियम वेगळा.) शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कोणी लिहून घेतला तरी सुटत नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेरही भांडले. गीतकार-संगीतकारांची ही रॉयल्टी गोळा करून वाटायला आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे.

तेव्हा मित्रहो, दोन गोष्टी आजपासून करा. गाणं तयार झालं की तारीख टाकून वहीत लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोघातिघांनी मिळून केलं असेल तर कोणाचं काय आणि वाटा किती, हे दोस्ती पक्की असतानाच लिहून काढा. भांडण झाल्यावर कोणीच सही करत नसतो. आणि सही करायला कोणी कागद पुढं केला तर तो वाचा, नाही कळला तर कळणाऱ्याला दाखवा.

कॉलेजांकडेही आमचं एक मागणं आहे. युवा महोत्सवात सुगम गायन आहे, समूहगान आहे, पाश्चात्त्य गायन आहे, लोकवाद्यवृंद आहे. गुण मुख्यतः सादरीकरणालाच. यंदाच्या गॅदरिंगमध्ये निदान एक फेरी स्वतः रचलेल्या गाण्याची ठेवा. वऱ्हाडीत असू द्या, हिंदीत असू द्या, रॅप असू द्या. आणि निवेदकानं गायकाच्या आधी गीतकार आणि संगीतकाराचं नाव घ्यावं, एवढा नियम करा. खर्च शून्य आहे.

स्पीकर, लाइट, ट्रॅक सगळं भाड्यानं मिळतं. गाणं मात्र कोणीतरी बसून बांधावं लागतं. यंदाच्या यादीत ते नाव कोणाचं असेल?