गृहव्यवहार : ब्रेक पॅडची पारख



मागील अंकात टायरमधील हवेविषयी लिहिले होते. ते वाचून जयसिंगपूरच्या एका व्यापारी स्नेह्यांनी विचारले, "चाक नीट फिरावे कसे ते सांगितलेत, ते वेळेवर थांबावे कसे, हे कधी लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी मला दूर जावे लागत नाही. आमच्याच घरातील एक प्रसंग पुरेसा आहे.

गेल्या मे महिन्यात एका विवाहासाठी आम्ही सांगलीहून रत्नागिरीला निघालो होतो. पुतण्या गाडी चालवीत होता. मागे आमच्या वहिनी, माझी पत्नी व नात. डिकीत आहेराचे सामान. आंबा घाट उतरू लागलो आणि सात-आठ वळणांनंतर काहीतरी जळाल्याचा उग्र वास येऊ लागला. पुतण्याचा चेहरा उतरला. हळू आवाजात तो म्हणाला, "अण्णा, पाय पूर्ण दाबला तरी गाडी धरत नाही. पॅड तर कालच बदललेत."

"घाबरू नको. गिअर खाली घे, आधी तिसरा, मग दुसरा. रुंद जागा दिसेल तिथे कडेला लाव," मी म्हणालो.

दैव बरे, पुढच्याच वळणावर जागा मिळाली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. जवळच्या टपरीवाल्याने तत्परतेने पाण्याची बादली आणली. पण तेथे थांबलेल्या एका ट्रकचालकाने त्याचा हात धरला. "पाणी नका ओतू शेठ, तापलेली डिस्क तडकंल. वाऱ्यावर निवू द्या." पाऊण तास आम्ही थांबलो आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश साखरप्यापर्यंत उतरलो. त्या पाऊण तासात वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. नातीचा हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

घरी परतल्यावर मी चौकशी केली. पुढची चाके पंधरा दिवसांपासून कर्कश आवाज करीत होती. हळदीचा हंगाम, सौद्यांची गडबड. गाडी गॅरेजमध्ये नेण्यास सवड झाली नाही. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी नेली, तेव्हा त्या गाडीचे योग्य पॅड दुकानात नव्हते. मिस्त्रीने कपाटातून एक खोका काढला. त्यावर उत्पादकाचे नाव नव्हते. "हेच बसतील," तो म्हणाला. बसलेही. बिल नव्हते. सातशे रुपये वाचले.

आमचा हा पुतण्या सौद्यात बसला की हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय एका पोत्याचाही भाव बोलत नाही. तोच मनुष्य घरातील माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे असा माल नमुना न पाहता, नाव न विचारता, बिल न घेता घेऊन आला. हा दोष एकट्या त्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा व्यवहार असाच असतो. दुकानात जागरूक आणि गॅरेजमध्ये निष्काळजी. शिवाय न्यायाने बोलायचे तर त्या दिवशी माल तर संशयास्पद होताच. पण नवे पॅड रुळलेले नव्हते, आणि चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणे हीही आमचीच चूक होती.

आता मूळ विषयाकडे वळू. ब्रेक पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. पेडल दाबले की असे दोन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. गाडीचा वेग नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते. वेग ४० वरून ८० झाला तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. उतारावरचा हिशेब तर आणखी बोलका आहे. सव्वा टन वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा जवळजवळ चार लिटर पाणी उकळीला येईल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. खालच्या गिअरमध्ये इंजिन तिचा मोठा वाटा उचलते. वरच्या गिअरमध्ये तो सारा भार ब्रेकवर येतो. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड उतरते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले तर मात्र ब्रेक ऑइल उकळल्याची शंका घ्यावी. दोन्ही प्रसंगी उपाय एकच : गिअर उतरवावा, थांबावे, निवू द्यावे.

यावरून पॅडची खरी परीक्षा कोणती ते ध्यानात येईल. गावात, थंड चाकांवर, जवळजवळ प्रत्येक पॅड गाडी थांबवितो. तापल्यावर कोण थांबवितो, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर खोका पाहून किंवा वस्तू हातात घेऊन कळत नाही. हळकुंड मोडून पाहता येते, पॅड मोडून पाहता येत नाही. म्हणून येथे नमुन्याऐवजी उत्पादकाच्या नावावर आणि बिलावर विसंबावे लागते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला सेंद्रिय, तंतू व राळ यांपासून केलेला. तो मृदू, शांत व डिस्कला सौम्य असतो, मात्र अति उष्णतेत लवकर दमतो. दुसरा अर्धधातू, त्यात पोलादाचे तंतू वा चूर्ण असते. तो उष्णता अधिक सोसतो, पण आवाज अधिक करतो आणि डिस्कही अधिक झिजवितो. तिसरा सिरॅमिक, तो शांत असतो, चाकांवर काळी धूळ कमी पडते, पण किंमत अधिक. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड या हिशेबात धरूच नयेत. ते तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी गल्लीतून दुकानाकडे निघालेल्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

मग रोजच्या गाडीला कोणता घ्यावा? माझे उत्तर साधे आहे. कारखान्यातून गाडी ज्या प्रकारच्या पॅडसह आली, तोच प्रकार घ्यावा. गाडीच्या कंपनीचा मूळ भाग, अथवा कारखान्यांना ब्रेकचे भाग पुरविणाऱ्या नामांकित उत्पादकाचा. अशा उत्पादकाचा माल पुष्कळदा मूळ भागापेक्षा स्वस्त मिळतो आणि गुणात उणा नसतो. काटकसर करावयाची तर ती येथे करावी, निनावी खोक्यात नव्हे. गाडीचे केवळ नाव सांगून भागत नाही. साल, इंजिन व उपप्रकार सांगून भागाचा क्रमांक जुळवावा. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे कॅलिपर बदललेले असू शकतात.

खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचा उल्लेख पाहावा. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक आहे, आणि ती प्रथम मिस्त्रीच्याच श्वासात जाते. पुष्कळ पॅडच्या कडेवर "एफएफ" सारखी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापल्यानंतरचे. "ई" म्हणजे ०.२५ ते ०.३५, "एफ" म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असेल, तर तापल्यावर पकड उतरते असे समजावे. मात्र ही अक्षरे म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, आणि मूळ पॅडहून वरचे अक्षर म्हणजे अधिक चांगले असेही नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. योग्य पॅड निवडण्याची वेळ आवाज येऊ लागल्यावरची नव्हे, ती त्याच्या दोन महिने आधीची आहे. नव्या पॅडचा घर्षणथर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला चाक काढून जाडी मोजण्यास सांगावे, आणि ती ५ मिलिमीटरपर्यंत आली की योग्य क्रमांकाचा जोड मागवून घरी ठेवावा. मोजताना आतल्या बाजूचा पॅड अवश्य पाहावा. तो बाहेरून दिसत नाही आणि पुष्कळदा तोच आधी झिजतो. ज्याने मोजले, तो निवडतो. ज्याने टाळले, त्याला कपाटात जे असेल ते घ्यावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याने पाण्याची चव विचारू नये.

बसविताना काही पथ्ये पाळावीत. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम बदलावेत. डिस्कवर खोल चरे आहेत काय आणि तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा कमी झाली आहे काय, ते तपासावे. कॅलिपरच्या पिना सैल सरकतात याची खात्री करावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. दोन वर्षे झाली असतील तर तेही बदलावे. जुने पॅड मागून घ्यावेत, म्हणजे झीज समान होती की नाही ते कळते. गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. ही गोष्ट विसरल्यास पहिल्याच दाबाला गाडी थांबणार नाही. त्यानंतर पहिले २०० ते ३०० किलोमीटर सौम्यपणे, अंतर राखून ब्रेक लावावेत. नवे पॅड घालून दुसऱ्याच दिवशी घाटात उतरू नये.

परवा पुतण्याच्या पेढीवर गेलो होतो. त्याच्या गादीमागच्या फळीवर एक बंद खोका दिसला; त्यावर गाडीचा क्रमांक आणि शेजारी बिल टाचलेले. मी काही विचारले नाही. त्यानेच सांगितले, "अण्णा, वहिनींच्या गाडीचे आहेत. अजून साडेपाच मिलिमीटर बाकी आहे, पण आणून ठेवलेत."

वाचकहो, आज सायंकाळी दुकान वाढवून घरी जाताना आपल्या गाडीचे पॅड शेवटचे कधी मोजले, ते आठवून पाहावे. आठवले नाही, तर उद्याच मोजून घ्यावेत.