ऑलिव्ह तेल : बाटली कोणती, वापर किती?

गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून संगमेश्वरला उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात अलीकडे मिठाईच्या पुड्यासोबत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे ऑलिव्ह तेलाची बाटली. बाबांना रक्तदाब आहे, आईचे कोलेस्टेरॉल वाढले आहे, म्हणून मुले हे महागडे तेल आवर्जून आणतात. त्यामागची काळजी खरीच असते. पण पुढे त्या बाटलीचे काय होते? कुठे त्यात बांगडे तळले जातात, कुठे ती पाहुण्यांसाठी म्हणून वर्षभर फडताळात राहते. आणि काही घरांत त्याहून वाईट घडते. 'आता तेल बदललंय' म्हणून रक्तदाबाची गोळी बंद होते. या तेलाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, ते यासाठी.

सर्व बाटल्यांत एकच तेल नसते. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे ऑलिव्हची फळे दळून, रसायने न वापरता आणि फार उष्णता न देता काढलेले पहिल्या प्रतीचे तेल. त्यातील मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही. घशाला किंचित झोंबणारी कडसर चव ही त्याची खूण असते. नुसते 'ऑलिव्ह ऑइल', 'प्युअर' किंवा 'लाइट' लिहिलेले तेल मुख्यतः रिफाइंड असते, त्यात थोडे व्हर्जिन मिसळलेले असते. 'लाइट' हा शब्द रंग आणि चवीपुरता आहे. त्याच्याही एका मोठ्या चमच्यात इतर तेलांइतक्याच, सुमारे १२० कॅलरी असतात. 'पोमेस' हा तिसरा प्रकार. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर जशी पेंड उरते, तसा ऑलिव्हचा चोथा उरतो. त्यातून द्रावक वापरून काढलेले आणि मग रिफाइंड केलेले हे तेल. ते विषारी नाही, पण ज्या गुणांसाठी ऑलिव्हचे नाव झाले, ते गुण त्यात नावालाच उरतात. स्वस्त मिळाले म्हणून पोमेस आणण्यापेक्षा आपले नेहमीचे तेल बरे.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती मुख्यतः स्पेनमधील 'प्रेडिमेड' या मोठ्या अभ्यासावर उभी आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांवर तो झाला. २०१३मध्ये तो प्रसिद्ध झाला, पद्धतीतील त्रुटींमुळे मागे घेण्यात आला आणि नव्या विश्लेषणासह २०१८मध्ये पुन्हा छापला गेला. निष्कर्ष साधारण तोच राहिला : एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. पण याच अभ्यासात दुसऱ्या एका गटाला तेलाऐवजी अक्रोड, बदाम असा सुकामेवा दिला होता आणि त्यांनाही जवळजवळ तितकाच फायदा झाला. दोन्ही गटांच्या ताटात भाज्या, फळे, कडधान्ये आणि मासे भरपूर होते. म्हणजे श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही, ते सगळ्या ताटाला जाते. वडापाव, फरसाण तसेच ठेवून वर ऑलिव्हची धार धरली, तर कॅलरी तेवढ्या वाढतील.

आता आपल्या तेलांकडे पाहू. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल हा हृदयाला अनुकूल घटक साधारण ७० टक्के असतो. शेंगदाणा तेलातही तो निम्म्याच्या आसपास असतो. खोबरेल मात्र वेगळे. त्यात संपृक्त चरबी ९० टक्क्यांच्या जवळ जाते, म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी ते रोजच्या फोडणीला वापरू नये. कोकणातल्या घरांनी आणखी एक हिशेब ठेवायला हवा. वाटणातल्या ओल्या खोबऱ्याचा जवळपास एक तृतीयांश भाग चरबीच असते, पण तेलाचा विचार करताना ती कोणी मोजत नाही.

किती तेल, हा प्रश्न कोणते तेल यापेक्षा मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला हे साधारण साडेतीन लिटर होते, तेही तूप धरून. आपल्या घरी महिन्याला किती पिशव्या लागतात, ते एकदा मोजून पाहावे. बऱ्याच घरांत खरी दुरुस्ती तिथेच सुरू होईल.

एक्स्ट्रा व्हर्जिन गरम केले की विष होते, हा समज चुकीचा आहे. मध्यम आचेवरची फोडणी किंवा परतलेली भाजी ते सहज सोसते. पण धूर निघेपर्यंत कोणतेच तेल तापवू नये. शिवाय तळणात या तेलाची चव आणि उपयुक्त घटक उडून जातात, म्हणजे पैसे कढईत जळतात. ते कच्चे वापरावे : काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या कडधान्यावर, नाचणीच्या भाकरीसोबतच्या लसणीच्या चटणीत. चटणी मात्र ताजी असावी. सोललेली लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवली, तर हवा न मिळालेल्या जागी बोट्युलिझमचे घातक जंतू वाढू शकतात. कॅनडात १९८५मध्ये अशा लसूण-तेलामुळे ३६ जणांना विषबाधा झाली होती. तळणाचे उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवणे हा धोका तर सर्वच तेलांना लागू आहे.

विकत घेताना बाटली गडद काचेची किंवा डब्याची असावी. तिच्यावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक, प्रकार आणि मुदत वाचावी. सुटे, बिनलेबलचे तेल कितीही स्वस्त मिळाले तरी नको. १९८१मध्ये स्पेनमध्ये ऑलिव्हच्या नावाखाली विकलेल्या औद्योगिक तेलाने सुमारे २० हजार लोक आजारी पडले आणि ३००हून अधिक दगावले. आपल्याकडेही १९९८मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोत्र्याच्या भेसळीने साठहून अधिक बळी घेतले. फ्रिजमध्ये गोठले म्हणजे अस्सल, ही घरगुती परीक्षा भरवशाची नाही. बाटली लहान घ्यावी, गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये आणि फोडल्यावर दोन महिन्यांत संपवावी. कोकणातल्या उकाड्यात तेल लवकर खवट होते आणि खवट तेल कितीही महाग असले तरी टाकूनच द्यावे.

तान्ह्या बाळाच्या मालिशलाही हे तेल वापरू नये. त्यातील ओलिक आम्लाने नाजूक त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत होते, त्वचेवर चट्टे असतील तर ते वाढू शकतात. बाळाच्या कानात तर कोणतेच तेल घालू नये.

राहिली ती बंद झालेली गोळी. रक्तदाब बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, त्यामुळे गोळी सोडल्याचे नुकसान लगेच कळत नाही. कळते ते अर्धांगवायू झाल्यावर. सरकारी रुग्णालयात या गोळ्या मोफत मिळतात. कोणत्याही तेलाने त्यांची जागा भरून निघत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नयेत. मुंबईच्या मुलांनी बाटली आणलीच, तर ती देताना आई-बाबांच्या गोळ्या चालू आहेत का, शेवटचा रक्तदाब कधी मोजला, एवढे विचारावे. ज्यांना ऑलिव्ह परवडत नाही, त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. बेताचे शेंगदाणा तेल, तळण्याऐवजी कालवणातले मासे, पानात दोन भाज्या आणि वेळेवर गोळी, एवढ्यानेही हृदयाची चांगली काळजी घेता येते.