उद्याने वाढली, माळी कुठे आहेत?

पुणे महापालिकेच्या उद्यानांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वेगळी झाली, तरी विस्तार मोठाच राहिला. नव्या वस्त्यांना बाग हवी, ही मागणी रास्तच आहे. मात्र उद्यान उभारताना फीत कापता येते, देखभालीचे उद्घाटन होत नाही. उद्यान विभागाच्या मनुष्यबळाचे दुखणे येथूनच सुरू होते.

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सुमारे १० एकरांची ही बाग जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून बेतलेली आहे. मूळ उद्यान १७०० मध्ये पूर्ण झाले. त्याचे रूप टिकले ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या छाटणीमुळे. अशा बागेत झाडे लावून काम संपत नाही, तेव्हा ते सुरू होते. कोणती फांदी राखायची, झुडपाला गोलाई कुठवर द्यायची, हे नकाशावर लिहिलेले नसते. एका दुपारची चुकीची छाटणी भरून यायला दोन-तीन पावसाळे जातात. आराखडा परदेशातून आणता येतो. हात मात्र येथेच घडवावा लागतो.

हा हात पूर्वी कायम सेवेतील माळ्याचा असे. जुना माळी नव्या बिगाऱ्याला शिकवी. ठेकेदारी पद्धतीत ही साखळी तुटते, कारण ठेका बदलला की माणसेही बदलतात. झाडलोट आणि पाणी घालणे त्यातून निभावते. कीड ओळखणे, कलम बांधणे निभावत नाही. निविदेत डोकी मोजता येतात, कसब मोजता येत नाही. त्यातच गृहसंकुले आणि आयटी कंपन्यांची आवारेही याच कसबी माणसांच्या शोधात असतात.

नेतृत्वाची अडचण याहून बिकट आहे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील वृक्षतोडीचे अर्ज, हरकती आणि पाहण्या यांचा भारही याच विभागावर आहे. ज्या निरीक्षकाने सकाळी बागेत उभे राहायचे, तो रस्तारुंदीच्या फायलींत अडकतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तर काही वर्षे याबाबत जाब विचारणारे सभागृहही नव्हते.

विसंगती अशी, की शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय याच शहरात शतकाहून अधिक काळ उभे आहे आणि कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात उद्यानरचनेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. बाग आखणारे पुण्यात तयार होतात. ती सांभाळणाऱ्याला मात्र ना बढतीची पायरी, ना कुशल कामगाराचे वेतन. वृक्षपरवानगीचे कर्मचारी बागांपासून वेगळे काढणे आणि देखभालीच्या निविदेत प्रशिक्षित माळ्यांचे प्रमाण बंधनकारक करणे, या दोन गोष्टींसाठी नव्या जागेची गरज नाही. आगामी अंदाजपत्रकात नव्या उद्यानांच्या यादीशेजारी माळ्यांच्या भरतीचा आकडा आहे का, हे नगरसेवकांनी आधी पाहावे.